हिवाळ्याआधी मास्तरांची गाडी

३ ऑक्टोबर, शनिवार

यंदा गाडीचं काम मी करणार, असं आज चहा पिताना बाबांना सांगून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं. विचारलं की ते विचार करत बसतात आणि त्यात अर्धा दिवस जातो.

गाडी अकरा वर्षांची आहे, हायब्रिड. पुढे पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटखाली मोठी बॅटरी. बाबांनी सत्तराव्या वर्षी घेतली तेव्हा सगळे हसले होते. तांत्रिक शाळेत छत्तीस वर्षं वर्कशॉप शिकवलेला माणूस, त्यांनी कुणाच्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. दरवर्षी थंडी पडायच्या आधी दोन-तीन शनिवार-रविवार खाली अंगणात तिच्यापाशी असायचे. काय केलं ते एका वहीत लिहायचे: तारीख, किलोमीटर, काम. अख्खी इमारत त्यांना मास्तर म्हणते. मलाही लोक ‘मास्तरांची मुलगी’ म्हणूनच ओळखतात, बावन्न वर्षांची झाले तरी.

मार्चमध्ये त्यांनी फाटकाच्या खांबाला आरसा घासला. त्या दिवशी किल्ली मी माझ्याकडे घेतली. तोंडातून ब्र काढला नाही त्यांनी. म्हणजे पटलं असणार.

मला गाडी लागतेच. लॅबमध्ये सकाळी सहाची पाळी असते, तेव्हा बस नसते. गॅरेजला द्यायला हरकत नव्हती. पण गॅरेजवाला बाबांचा जुना विद्यार्थी, मागच्या वेळी टायरमध्ये हवा भरायला गेले तर म्हणाला, “मास्तरांना विचारलंत का किती भरायची?” तेव्हाच ठरवलं.

धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ताई, कशाला त्रास घेतेस, देऊन टाक ना कुणाला तरी करायला. त्याला देऊन टाकायची सवयच आहे. बाबांनाही मला देऊन टाकलंन आणि स्वतः विमानात बसला.

४ ऑक्टोबर, रविवार

आतल्या हवेचा फिल्टर बदलला. समोरचा कप्पा काढला की मागे असतो, पाच मिनिटांचं काम. मग मोठ्या बॅटरीला थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी. ती मागच्या सीटच्या कडेला आहे. उघडली तर लोकरीच्या धाग्यांनी आणि धुळीने गच्च. बॅटरीला श्वास घ्यायला जागा नव्हती. गेल्या वर्षी बाबांनी हे केलेलं नाही, किंवा केलं असेल तर वरवर.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. आयुष्यभर ज्या माणसाने मला करवत सुद्धा नीट धरता येत नाही म्हणून ऐकवलं, त्याची चूक माझ्या हातात होती. जाळी तशीच वर नेऊन दाखवली. म्हणाले, बोटं वळत नव्हती गेल्या वर्षी, त्या खोबणीत हात जात नाही. मी म्हटलं, मग तेव्हाच सांगायचं होतं. “हं,” म्हणाले.

काम चालू असताना ते वर खिडकीत उभे होते. दोनदा काचेवर टकटक केली. मी वर पाहिलं नाही. एकदा पाहिलं की सूचना सुरू.

१० ऑक्टोबर, शनिवार

ऑइल बदललं. पुढची चाकं लोखंडी उतरणींवर चढवली, मागच्या चाकांना अडण्या लावल्या, खाली आडवी झाले. पुस्तकात लिहिलंय तसं सगळं. लॅबमध्ये तीस वर्षं पुस्तकाप्रमाणेच करत आलेय.

ऑइल गळत असताना बाबा खाली आले. ओव्हरकोट, मफलर आणि हातात घडीची खुर्ची. खुर्ची मांडून बसले आणि म्हणाले, “किल्ली वर ठेवून ये. पत्र्याच्या डब्यात. नुसती जवळ असली तरी बटणाने गाडी चालू होते. ही गाडी बंद दिसते म्हणून बंद असतेच असं नाही. तिला वाटलं की इंजिन आपोआप चालू करते.”

मी म्हटलं, पुस्तकात वाचलंय मी. त्यांना खोकला आहे, हवेत गारठा. त्यांना उठवलं, खुर्ची काखेत मारली आणि वर पोहोचवून आले. जिन्यात शेजारच्या नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, बसू द्यायचं होतं थोडा वेळ, ऊन आहे. त्या निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, घरात दुसरं कुणी नाही. त्यांना इतरांच्या माणसांवर माया करायला परवडतं. रात्री खोकला ऐकायला त्या नसतात.

खाली आले तर ऑइल गळून संपलं होतं. नवीन फिल्टर, नवीन वायसर, बोल्ट मापाच्या पान्याने आवळला. एक थेंब गळत नाही. वर येऊन सांगितलं. बाबा रेडिओ ऐकत होते. आवाज फार मोठा ठेवतात, मी कमी केला.

११ ऑक्टोबर, रविवार

आज हात जाता जाता वाचला. क्रमाने लिहिते.

सकाळी काचेवर धुकं होतं म्हणून गाडी थोडा वेळ चालू करून एसी लावला, मग बंद केली. बॉनेट उघडून कुलंट तपासलं. या गाडीत त्याच्या दोन टाक्या आहेत, एक इंजिनची, एक विजेच्या भागाची. दोन्ही कडाक्याच्या थंडीत गोठणार नाहीत एवढी ताकद आहे. नारिंगी तारांना हात लावायचा नाही, लावला नाही. मग रेडिएटरपाशी अडकलेली पानं फडक्याने काढू लागले. गरम होत होतं म्हणून कोट काढून ड्रायव्हरच्या सीटवर टाकला होता.

बाबा केव्हा खाली आले कळलं नाही. उघड्या बॉनेटमुळे मला गाडीच्या आतलं काही दिसत नव्हतं. ते सीटवर बसले, ब्रेकवर पाय ठेवला आणि बटण दाबलं. या गाडीचा आवाज येत नाही, म्हणून कळायचं काही कारणच नव्हतं. सकाळचा एसी तसाच राहिला होता. रेडिएटरचा पंखा एकदम फिरला, फडकं खेचून घेतलं. हात मागे घेतला पण मधल्या बोटाचं नख उलटलं. आणि मग इंजिनही सुरू झालं.

मी ओरडले. मारायचंय का मला, म्हटलं. तुमच्यामुळे मी कुठे गेले नाही, आई गेल्यावर परगावच्या लॅबमधली मोठी जागा सोडली, आठ वर्षं तुमचं करतेय, आणि आता हातही घ्या माझे. सगळ्या खिडक्या उघडल्या. बाबा गाडीतून उतरले. उतरताना दार धरायला त्यांना दोनदा हात पुढे करावा लागला. कशाला बसलात, विचारलं. म्हणाले, काही नाही. नर्सबाईंनी माझं बोट बांधलं आणि त्यांना हात धरून वर नेलं.

किल्ली कोटात होती, कोट सीटवर होता. घडलं ते सगळं लिहायचं म्हणून हेही लिहिते.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

बोट ठणकतंय. हातमोजा घालताना डोळ्यात पाणी येतं. तीन नमुने दुसरीला करायला द्यावे लागले.

धाकट्याला परवाच सगळं सांगितलं. त्याने आधी विचारलं, बाबा ठीक आहेत ना. मग पाच सेकंदांनी: आणि तू?

बाबा दोन दिवस जेवणापुरतंच बोलतात. मीठ दे, पुरे. आता मी घरी नसताना शेगडीचं बटण तर काढून ठेवतेच, आजपासून गाडीच्या दोन्ही किल्ल्या लॅबच्या पिशवीत.

त्यांची वही टेबलावर होती. अकरा वर्षांची पानं, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर. शेवटच्या ओळीत ११ ऑक्टोबर, पुढे १,३८,४१२, आकडे जरा वाकडे आलेत. कामाचा रकाना मोकळा. किलोमीटर बघायला गाडी चालू करावी लागते. एका आकड्यासाठी एवढं रामायण. मला सांगितलं असतं तर मी वाचून सांगितला नसता का?

कदाचित नसता सांगितला. घाईत होते मी.

१७ ऑक्टोबर, शनिवार

छोटी बॅटरी तपासली. मोठी कितीही भरलेली असो, डिकीतली ही छोटी बसली तर गाडी उठत नाही. मीटरवर बारा पूर्णांक एक दाखवलं. साडेबाराच्या वर हवं. कडाक्याच्या एखाद्या सकाळी दगा दिला असता, म्हणून नवीन बसवली.

बाबा आज नर्सबाईंबरोबर बाहेर गेले होते. मोकळ्या हवेत नेते म्हणाल्या. मोकळ्या हवेत चार तास. जाताना बुटांना पॉलिश, केस कापलेले, तो करड्या रंगाचा कोट. परत आले ते चेहरा उजळून. जेवताना स्वतःहून म्हणाले की आमटी चांगली झालीय. चला, राग उतरला. जीव भांड्यात पडला माझा. लिहायला लाज वाटते, पण मी या आठवड्यात तीनदा जिन्यात थांबून, आत बोलणं ऐकू येतंय का, ते पाहिलं होतं.

२० ऑक्टोबर, मंगळवार

बाबा परवा म्हणाले, माझ्या सगळ्या तपासण्या एकदा करून टाक, थंडीआधी. रक्त, लघवी, छातीचा फोटो, लेखी रिपोर्ट सही-शिक्क्यासकट. आजवर सुई म्हटलं की दहा सबबी. मी विचारलंही नाही की आत्ताच का. विचारून विचार बदलला असता तर?

सकाळी जायच्या आधी मीच रक्त काढलं. शीर पटकन सापडली. बाबा दुसरीकडे बघत म्हणाले, तुझा हात हलका आहे. आईला पण तूच टोचायचीस, कधी दुखलं नाही म्हणायची. माझ्याकडे चिकटपट्टी धरायला तिसरा हात नव्हता, नाहीतर डोळे पुसले असते.

रिपोर्ट मी स्वतः टाइप केले. साखर थोडी जास्त, बाकी सगळं उत्तम. एक्क्याऐंशीत असे आकडे येत नाहीत. मोठ्या साहेबांना दाखवले, ते म्हणाले, चांगली काळजी घेतलीत वडिलांची. दिवसभर ते वाक्य कानात होतं.

२५ ऑक्टोबर, रविवार

ब्रेक. या गाडीचा ब्रेक दाबला की आधी मोटरच चाकाला आवरते आणि त्यातून वीज बनवते. खरे ब्रेक क्वचितच लागतात आणि न वापरल्याने गंजतात. ज्या सळ्यांवर ते सरकतात त्या काढून, पुसून, ग्रीस लावायचं. तीन चाकांचं झालं. मागच्या डाव्या चाकाची एक सळी जाम, काही केल्या हलेना. दोन तास. हातोडीने ठोकलं, गंजाचं तेल सोडलं, रडायचीच बाकी राहिले होते.

नर्सबाई कचरा टाकायला आल्या. म्हणाल्या, मास्तरांना विचारलंत का? मी म्हटलं, ते झोपलेत. ते झोपले नव्हते, कपाट आवरत होते. शेवटी निघाली एकदाची. हात कोपरापर्यंत काळे आणि एवढा आनंद झाला की सांगायला वर धावत गेले आणि दारातच थांबले. ते हत्यारं वेगवेगळ्या डब्यांत घालत होते. डब्यांवर चिठ्ठ्या: गॅरेजवाल्याचं नाव, तळमजल्यावरच्या सुताराचं नाव, शाळा. थंडीआधीची साफसफाई काढलीत का, विचारलं. हो म्हणाले. पान्यांचा संच तेवढा तुला ठेवलाय.

माझ्या सळीचं सांगायचं राहूनच गेलं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

झालं. हिवाळी टायर चारही, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले. वायपर नवे. काच धुवायचं न गोठणारं पाणी भरलं. डिकीत फावडं, दोरी, घोंगडी.

आज मी स्वतः बाबांना खाली बोलावलं. किल्ली माझ्या मुठीत होती. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. टायरवर हात फिरवला, वाकून ऑइलचा डाग आहे का पाहिलं. नाही. “छान केलंस,” म्हणाले. बावन्न वर्षांत हे दोन शब्द किती वेळा ऐकले ते बोटांवर मोजता येईल, त्यातलं एक बोट अजून बांधलेलं.

मग म्हणाले, पुढच्या शनिवारी मला एके ठिकाणी सोडशील?

मी म्हटलं, सोडेन की. कुठे?

वर चल, सांगतो.

१ नोव्हेंबर, रविवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

नदीपलीकडे वृद्धांसाठी घर आहे. एका खोलीत एक माणूस, जेवणघर एकत्र. बाबांनी पाहून ठेवलंय. त्या चार तासांत. नर्सबाईंच्या ओळखीतून जागा मिळाली. कागदांवर धाकट्याने तिकडून सह्या करून पाठवल्या. आणि आरोग्याचा दाखला लागतो, तो मी दिला. माझ्या हाताने टाइप करून, शिक्का मारून.

मी आधी नर्सबाईंना बोलले, नको ते. मग धाकट्याला फोन लावून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ज्या माझ्याही आहेत. तो रडला. म्हणाला, बाबांनी शपथ घातली होती ताई, तुला त्यांनीच सांगायचं होतं. मग बाबांसमोर जाऊन बसले. विचारलं, माझं काय चुकलं ते सांगा.

“तुझं काही चुकत नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही. औषध वेळेवर, जेवण वेळेवर. माझं सगळं तू करतेस. माझ्या वाट्याचं होतं तेसुद्धा.”

मी म्हटलं, पडला असतात, भाजला असतात, म्हणून.

“माहीत आहे मला. पण दिवसभरात मला कुणी काही विचारत नाही गं. गोळी घेतली का, एवढं सोडून.”

म्हणजे काय? मी काय बसून गप्पा मारायच्या? कधी? पहाटे पाचला उठते, चारला परत येते, स्वयंपाक, कपडे, त्यांचं सगळं. लोकांच्या मुली तोंडाला पानं पुसून निघून जातात, त्यांचे वडील फोटो कुरवाळत बसतात. मी राहिले, तर माझ्यापासून पळायला जागा शोधतात. तिथे कोण विचारणार आहे त्यांना? पगारी माणसं.

हे सगळं बोलले त्यांच्याशी. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, त्या दिवशी तू म्हणालीस की माझ्यामुळे कुठे गेली नाहीस. आता जा. अजून वय आहे.

जा म्हणे. कुठे?

७ नोव्हेंबर, शनिवार

सोडून आले. एक बॅग, रेडिओ, आईचा फोटो, वही. रस्त्यात पुलावर पहिलं बर्फ भुरभुरत होतं. गाडी लोण्यासारखी चालली. मोटरवर, आवाज न करता.  वळणावर त्यांचा पाय सवयीने ब्रेकसाठी पुढे गेलेला दिसला.

खोली चांगली आहे. खिडकी पूर्वेला. तिथल्या बाईंना औषधांची यादी दिली, डब्यांवर मी लावलेल्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, आम्ही बघतो. बाबांनी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पटकन खाली वाकून बुटाची नाडी बांधली. सुटली नव्हती.

घरी येऊन सवयीने शेगडीचं बटण काढलं आणि पिशवीत टाकलं.

१५ नोव्हेंबर, रविवार

या रविवारी गेले नाही. त्यांना वाटू दे. त्यांचा फोन नर्सबाईंना येतो, मला कळतं, भिंत पातळ आहे. हसण्याचा आवाज येतो.

दोन दिवस गाडीतून पुढच्या उजव्या बाजूने आवाज येतोय. वळताना टक, टक, टक. सरळ चालवली की बंद. पुस्तकात सापडत नाही. पुस्तकात आवाज नसतातच, दिवे असतात, आणि दिवा एकही लागलेला नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज गेले. आठवडाभर रोज आवाज ऐकला. डावीकडे वळताना जास्त, थंडीत जास्त, वेग कमी असताना स्पष्ट. कागदावर लिहून घेतलं, रुग्णाची लक्षणं लिहितात तसं.  त्यांना विचारायचं ठरवलं होतं. सांगायचं नाही, विचारायचं. एवढं तर मला करता येईल.

बाबा जेवणघरात होते. तिथल्या स्वयंपाक्याचं भाजी चिरायचं यंत्र टेबलावर उघडून ठेवलेलं आणि भोवती तीन म्हातारे. बाबा बोलत होते. दातेरी चक्र कसं झिजतं, ते हातांनी दाखवत होते. बोटं वळत नाहीत, म्हणून स्क्रू स्वयंपाकी काढत होता आणि दर स्क्रूला विचारत होता, आता कुठला, मास्तर? अंगावर तोच जुना स्वेटर, बटणं वर-खाली लागलेली. कुणी नीट लावून दिली नव्हती.

तिथल्या बाई माझ्याजवळ आल्या. तुम्हीच ना त्यांची मुलगी, म्हणाल्या. फार अभिमानाने सांगतात तुमच्याबद्दल. म्हणतात, गाडीचं सगळं एकटीने करते, तिला कुणाला काही विचारावं लागत नाही.

मी हो म्हटलं.

बाबांनी मला पाहिलं, खुर्ची सरकवून दिली. खोकला कसा आहे, ते मी विचारणार होते, ते गिळलं. कागद काढला. “बाबा,” म्हटलं, “गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूने वळताना टकटक येतं. सरळ असताना नाही. काय असेल?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. कागद घेतला नाही. राग नव्हता चेहऱ्यावर. असता तर बरं झालं असतं, रागाशी मला बोलता येतं.

“गॅरेजला दाखव,” ते म्हणाले. “तो चांगला आहे.”

आणि वळून स्वयंपाक्याला म्हणाले, आता ती लहान स्प्रिंग, जपून, उडेल.

मी अर्धा तास बसले. चहा दिला त्यांनी. यंत्र चालू झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

येताना मोठ्या रस्त्याने न येता नदीकाठच्या वळणांच्या रस्त्याने आले. उजवीकडची काच पूर्ण खाली केली होती. कान गारठून दुखायला लागले, तरी प्रत्येक वळणावर आवाज नीट ऐकला.